टू-डी एकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट डॉक्टरांना दाखवायला जाताना

आधी रिपोर्टच्या शेवटी असलेलं 'इम्प्रेशन' (निष्कर्ष) वाचा आणि न कळलेला प्रत्येक शब्द वहीत उतरवा. ईएफ म्हणजे हृदयाचा डावा खालचा कप्पा प्रत्येक ठोक्याला आतल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर ढकलतो तो आकडा. साधारण 55 ते 70 नॉर्मल. 60 चा 57 झाला म्हणून घाबरू नका, मोजणाऱ्यागणिक तेवढा फरक पडतोच. जुना रिपोर्ट मात्र सोबत न्याच, बदल त्यावरूनच कळतो. 'आरडब्ल्यूएमए' (भिंतीच्या एखाद्या भागाची हालचाल बिघडलेली) लिहिलं असेल तर पहिला प्रश्न तोच: हृदयाच्या भिंतीचा कुठला भाग कमी हलतोय, आणि अँजिओग्राफी लागेल का? 'ट्रिव्हियल एमआर' (मायट्रल झडपेतून अगदी किरकोळ गळती) मात्र धडधाकट माणसांतही दिसतो, त्यावर वेळ घालवू नका.

प्रश्न तीन-चारच न्या, महत्त्वाचा सगळ्यांत वर. "काळजीचं काही नाही ना?" विचारलं की "नाही" एवढंच ऐकून बाहेर याल. त्यापेक्षा विचारा: औषधांत काय बदल, रोज किती चालायचं, पुढचा एको कधी? गोळ्यांच्या स्ट्रिप्सच घेऊन जा. तोंडी सांगताना मिलिग्रॅम हमखास चुकतं. आणि छातीत आत्ताच दुखत असेल किंवा बसल्या जागी दम लागत असेल, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट इमर्जन्सी गाठा.