सोड आणि ओढ

गुहागर, १८ जुलै

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तू डिझेल मेकॅनिकचा आयटीआय पास झालास आणि १ ऑगस्टला पावसाळी मासेमारीबंदी उठली की रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून ट्रॉलरवर जाणार, इंजिनावर मदतनीस म्हणून, हे तुझ्या आईकडून कळलं. फार बरं वाटलं. फोनच करणार होतो. पण फोनवर मला निम्मे शब्द लागत नाहीत आणि समोरच्याला तीन-तीनदा विचारावं लागलं की बोलायचं तेच राहून जातं. म्हणून लिहितोय. लिहायचं आहे तेही कानांबद्दलच.

पहिल्या फेरीत तुला इंजिनखोलीतला आवाज सोसणार नाही. डोकं भणभणेल. जुने लोक सांगतील, आठ दिवसांत सवय होते. मलाही हेच सांगितलं होतं आणि खरंच आठ दिवसांत सवय झाली. पुढे एकतीस वर्षं मी इंजिनावर काढली, त्यातली निम्मी तरी मी माझे कान तयार झाले अशा समजुतीत होतो. बाबा रे, कान तयार होत नाहीत. आवाज कमी जाणवायला लागतो तो कान कमी ऐकायला लागतात म्हणून. हे मला वेळेवर कोणी सांगितलं नाही, तुला सांगतोय.

कानाच्या आत शंखासारखा एक अवयव असतो. त्यात बारीक केसांच्या पेशी असतात, एका कानात साधारण पंधरा हजार. आवाज आला की त्या डोलतात आणि मेंदूला खबर देतात. भाताच्या आवणातली, लावणीआधी पेरलेली रोपं डोळ्यांसमोर आण. वाऱ्याने आडवी झाली तर दोन दिवसांत पुन्हा उभी राहतात. पण त्याच आवणातून रोज गुरं हाकलीस तर तिथली रोपं मरतात. भाताचं रोप पुन्हा लावता येतं, माणसाच्या कानातली ही पेशी मेली की परत उगवत नाही. गोळी नाही, ऑपरेशन नाही. मी आता यंत्र लावतो. त्याने आवाज मोठा होतो, पण शब्द पूर्वीसारखा स्वच्छ होत नाही.

आणि ऐकणं सगळं एकदम जात नाही, म्हणून कळतच नाही. आधी बारीक, चिरका आवाज जातो. गाडीचा हॉर्न, दाराची थाप, कौलांवरचा पाऊस मला आजही ऐकू येतो. रातकिडे ऐकून मात्र चौदा-पंधरा वर्षं झाली. बोलण्यातला स, श, फ याच बारीक आवाजाचा. तो गळला की माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. घरी बायको आणि पोरं सांगायची, तुम्ही लक्ष देत नाही. मी म्हणायचो, तुम्ही पुटपुटता. कित्येक वर्षं आमच्या घरात हे भांडण होतं आणि दोन्ही बाजूंना दोष कानांचा आहे हे माहीत नव्हतं.

त्या दिवसाचं सांगतो. जाळं वर घेत होतो, माणसं कमी होती म्हणून मी वर येऊन विंचवर, जाळ्याची वायर ओढायच्या यंत्रावर, उभा होतो. इंजिन चालू, वारा सुटलेला. पुढून एकजण ओरडला, ‘सोड!’ मला ऐकू आलं, ‘ओढ!’ स गेला की दोन्ही शब्दांत काय उरतं ते तूच म्हणून बघ. मी विंच ओढली. त्याचा हात वायर आणि कप्पीच्या मध्ये होता. दोन बोटं गेली. त्याने मला कधी बोल लावला नाही. पण तो हात मी रोज बघत होतो.

त्यानंतर कान तपासले. डॉक्टरांनी कागदावर आलेख दाखवला. रेघ सरळ चालली होती, ४००० हर्ट्झपाशी, म्हणजे बारीक आवाजापाशी, खड्ड्यात पडल्यासारखी खाली गेली आणि ८००० ला थोडी वर आली. आवाजाने गेलेल्या कानाची हीच खूण, म्हणाले. तुझा असा कागद आत्ता काढून घे, इंजिनावर पाय ठेवण्याआधी. दोन महिने बोट बंद आहे, कान शांत आहेत, याहून चांगली वेळ नाही. रत्नागिरीत कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा आणि ‘ऑडिओमेट्री करायची आहे’ म्हणून सांग. आदल्या दिवशी गाणी, गाडीचा प्रवास, गोंगाट टाळ. तो कागद आईजवळ ठेव. मग दर वर्षी जून-जुलैत बंदीच्या दिवसांत पुन्हा तपास आणि दोन कागद शेजारी ठेवून बघ. खड्डा पडायला लागलेला तुला जाणवण्याच्या आधी कागदावर दिसेल.

आता आकडे. डेसिबल हे आवाज मोजायचं माप. डेसिबल तीनने वाढला की आवाजातली ताकद दुप्पट होते आणि कानाला चालणारा वेळ निम्मा होतो. ८५ ला आठ तास, ८८ ला चार, ९१ ला दोन, असं करत १०० ला पंधरा मिनिटं. बंद इंजिनखोलीत शंभर सहज होतो. हाताच्या अंतरावर उभ्या माणसाशी ओरडून बोलावं लागलं तर ८५ ओलांडला असं धर. फेरीनंतर कानात कुई वाजत राहिली किंवा कान भरल्यासारखे वाटले, तर त्या दिवशी मार बसला. कुई थांबली म्हणून सगळं भरून आलं असं समजू नकोस.

कारखाना अधिनियम, १९४८ मध्ये आवाजाने येणारं बहिरेपण नोंद करायच्या आजारांच्या यादीत होतं. पण तो कायदा कारखान्यांचा होता. समुद्रात तुझे कान तपासायला कोणी येणार नाही, ते तुलाच करायचंय.

पाकिटात कानात घालायचे फोमचे प्लग पाठवलेत. कसे घालायचे ते नीट वाच, कारण मी बघितलेल्या दहांतले आठजण नुसते कानाच्या तोंडाशी चिकटवतात. आधी हाताचं ग्रीस धू. प्लग बोटांत वळून बारीक वातीसारखा कर. दुसरा हात डोक्यामागून आणून कान वर आणि मागे ओढ, म्हणजे नळी सरळ होते. मग प्लग आत सरकव आणि बोटाने वीस-तीस सेकंद दाबून धर, तो फुगेपर्यंत. नीट बसला की तुझा स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटेल. कापसाचा बोळा कामाचा नाही.

प्लग इंजिनखोलीचं झाकण उघडायच्या आधी घाल आणि बाहेर आल्यावर काढ. मध्ये ‘दोन मिनिटं’ म्हणून काढू नकोस. आठ तासांतले चार तास काढून ठेवलास तर कानावरचा मारा जेमतेम निम्मा होतो, म्हणजे तीस डेसिबल अडवणारा प्लग तीन डेसिबलचा होऊन बसतो. हा हिशेब मी कागदावर मांडून पाहिला तेव्हा मला घाम फुटला.

तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, म्हणेल, प्लग घातलास तर इंजिनाचा बिघाड कसा कळेल? आदराने ऐक, पण प्लग काढू नकोस. ठोका बदलला की तळहाताला आणि तळपायाला कळतं आणि प्लगमधूनही इंजिन ऐकू येतंच, फक्त खालच्या आवाजात. विंचवर मात्र नुसत्या ओरडण्यावर काम करू नकोस. हाताच्या खुणा ठरवून घ्या. हुकूम आला की तोच परत म्हणून दाखव आणि समोरच्याने मान हलवल्याशिवाय दांड्याला हात लावू नकोस. वायरलेस ऐकायची पाळी असेल तेव्हा केबिनमध्ये प्लग काढ.

तू मेकॅनिक आहेस, तेव्हा आवाज मुळातच कमी करता येतो का तेही बघ. सायलेन्सर फुटलेला, मॅनिफोल्डचं गॅस्केट गेलेलं, इंजिनाच्या पायाचे बोल्ट ढिले, झाकणाचं रबर झिजलेलं, यातलं एक तरी प्रत्येक बोटीवर असतं. बंदीत बोट वर ओढलेली असते तेव्हाच हे करून घे.

झोपायला इंजिनाच्या डोक्यावरची जागा घेऊ नकोस, नाळीकडे, बोटीच्या पुढच्या टोकाकडे, सरक. कानाला विश्रांती हवी. आणि इंजिनाचा आवाज दाबायला इअरफोन लावून गाणी मोठी करू नकोस, हल्लीची पोरं तेच करतात. त्याने मारावर मार बसतो. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसाला ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास एवढी हद्द सांगितली आहे. शांत खोलीत जेवढ्या आवाजात ऐकू येतं, त्याच्या वर जाऊ नकोस.

गणपतीत डीजेच्या भिंतीसमोर नाचू नकोस एवढंच म्हणेन. मोकळ्यावर अंतर दुप्पट केलंस की सहा डेसिबल उतरतात, म्हणून मागे सरकणं हा फुकटचा उपाय आहे. शिमग्यात पालखीपुढे ढोल वाजवतोस ते जरूर वाजव, माझाही जीव त्यात अडकलेला आहे. पण प्लग घालून वाजव, ताल चुकत नाही. धाकट्या भावंडांना ढोलाजवळ उभं करू नकोस.

कानात काडी, चावी, गरम तेल घालायचं नाही. आणि कधी एक कान अचानक बंद झाला तर सर्दी म्हणून थांबू नकोस, त्याच दिवशी डॉक्टर गाठ. लवकर औषध मिळालं तर तो परत येण्याची आशा असते. समुद्रात असलास तर तांडेलला सांगून बंदरात यायला लाव.

निघण्याआधी एकदा येऊन जा, तो तपासणीचा कागद घेऊन ये. संध्याकाळी मी पडवीतच असतो. बेड्याकडून, फाटकातूनच, हाक मारू नकोस, मला ऐकू येणार नाही. सरळ समोर येऊन उभा राहा.

तुझा,
काका