वाचकांचे प्रश्न : उमेदवाराची खात्रीची माहिती कुठे मिळेल?

प्रश्न : आमच्याकडे इच्छुकांबद्दल कट्ट्यावर नाही नाही ते ऐकू येतं. एकावर म्हणे ३०२ ची केस आहे, दुसऱ्याची संपत्ती म्हणे पाच वर्षांत दसपट झाली. खरं-खोटं कसं करायचं?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : उमेदवारी अर्जाला जोडलेलं शपथपत्र स्वतः वाचा. त्यावर उमेदवाराची सही असते. खोटी माहिती दिली किंवा दडवली, तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५-अ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कट्ट्यावर बोलणाऱ्याला असला धाक नसतो. शपथपत्राला आम्ही वजन देतो ते एवढ्याचसाठी.

लोकसभा-विधानसभेचं शपथपत्र ‘नमुना २६’ मध्ये असतं. ते केंद्रीय निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आणि ‘नो युवर कँडिडेट’ ॲपवर मिळतं. महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुका मात्र राज्य निवडणूक आयोग घेतो आणि त्यांची शपथपत्रंही तिकडेच असतात. नगरसेवकपदाच्या उमेदवाराचं नाव केंद्राच्या ॲपवर सापडलं नाही, म्हणून ‘माहिती दडवली’ असा गवगवा करू नका.

आता ३०२ चं. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि कलमांचे आकडे बदलले. जुन्या कायद्यात ३०२ म्हणजे खून. नव्यात खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये आहे, तर ३०२ म्हणजे धार्मिक भावना दुखावणारं वक्तव्य. फसवणुकीचं ४२० आता ३१८ झालं आहे. त्यामुळे नुसता आकडा पाहून मत बनवू नका. शेजारी ‘भादंवि’ (जुना कायदा) लिहिलंय की ‘भान्यासं’ (नवी संहिता), ते आधी बघा. मग आरोप निश्चित झाले आहेत का, तो रकाना वाचा. मोर्चा, रास्ता रोको यांत जमावबंदी मोडल्याचे गुन्हे कार्यकर्त्यावर असतातच. खंडणी किंवा महिलांवरील अत्याचाराच्या गुन्ह्याशी त्यांची बरोबरी करणं बरं नव्हे.

शपथपत्रातला खटला क्रमांक घेऊन न्यायालयांच्या ‘ई-कोर्ट्स’ संकेतस्थळावर जा. जिल्हा सोलापूर आणि न्यायालय निवडून क्रमांक व वर्ष टाका, म्हणजे पुढची तारीख आणि टप्पा दिसेल. नावाने शोधण्यात इंग्रजी स्पेलिंग एका अक्षराने चुकलं तरी काही सापडत नाही. शिवाय एका नावाचे दोघे निघतात.

संपत्तीच्या बाबतीत एकच आकडा शेवटच्या बेरजेतून उचलला जातो आणि तिथेच फसगत होते. स्थावर मालमत्तेत खरेदीची किंमत आणि आजचा अंदाजे बाजारभाव, दोन्ही लिहिलेले असतात. होटगी रस्त्याकडची वडिलोपार्जित जमीन तीच असेल आणि फक्त भाव वाढला असेल, तर संपत्ती ‘फुगलेली’ दिसणारच. म्हणून मागच्या निवडणुकीचं शपथपत्र शेजारी ठेवा आणि गट क्रमांक, फ्लॅट, वाहनं एकेक करून ताडून पाहा. नवीन काय आलं, कधी घेतलं, हे बघा. त्याच शपथपत्रात मागच्या पाच वर्षांचं प्राप्तिकर विवरणपत्रातलं उत्पन्न आहे. एवढ्या उत्पन्नात एवढी खरेदी झालीच कशी, हा प्रश्न तिथून उभा राहतो आणि तो उमेदवाराला सभेत विचारायला हरकत नाही. पती किंवा पत्नीचा रकाना आणि सरकारी थकबाकीचा रकाना सोडू नका.

एक लक्षात असू द्या, निवडणूक अधिकारी या माहितीची सत्यता तपासत नाहीत. रकाने रिकामे नाहीत, एवढंच ते पाहतात.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर एक मेसेज म्हणतो, ‘उजनीत ५३ टीएमसी पाणी असून सोलापूर तहानलेलं’. दुसरा म्हणतो, ‘धरण उणे २० टक्क्यांवर’. कोण खोटं बोलतंय?
– एक वाचक, मंगळवेढा

उत्तर : दोघंही खरं बोलत असू शकतात, आणि दिशाभूल नेमकी त्यातूनच होते. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातला ६३.६६ टीएमसी मृतसाठा (तळाचा, आपोआप बाहेर न येणारा) आणि ५३.५७ उपयुक्त साठा. टक्केवारी उपयुक्त साठ्यावरच काढतात. म्हणजे शून्य टक्क्यांनाही धरणात ६३ टीएमसीच्या वर पाणी असतं. उणे २० टक्के म्हणजे मृतसाठ्यातले सुमारे १०.७ टीएमसी संपले आणि ५३ च्या आसपास उरले. गंमत अशी की उपयुक्त साठा शंभर टक्के भरला, तरी तोही ५३ च! त्यामुळे ‘उपयुक्त’ की ‘एकूण’, हे न सांगता दिलेल्या आकड्याला काही अर्थ नाही. मृतसाठ्यातलं पाणी उचलता येतं, पण पातळी खाली गेली की दुबार पंपिंग करावं लागतं.

जलसंपदा विभागाचा रोजचा धरणसाठा तारखेसह प्रसिद्ध होतो. तो उघडा आणि मेसेजमधली तारीख जुळवा. तारीखच नसेल, तर मेसेज पुढे पाठवू नका.

प्रश्न : आमचे नगरसेवक म्हणतात, गल्लीतला रस्ता त्यांनी केला. विरोधक म्हणतात, तो कागदावरच झाला. कसं कळेल?
– एक वाचक, अशोक चौक

उत्तर : माहितीचा अधिकार वापरा. नमुना ‘अ’ मध्ये अर्ज लिहा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि महापालिकेच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे देऊन पोच घ्या. एका अर्जात एकच विषय, तोही १५० शब्दांत. ‘रस्ता खराब का?’ असं विचारलंत तर हाती काही लागत नाही, कारण अधिकाऱ्याने द्यायचा असतो तो कागद. स्पष्टीकरण देणं त्याच्यावर बंधनकारक नाही. म्हणून कागदांची नावं लिहा : कार्यारंभ आदेश, मंजूर अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची पानं, अंतिम देयक आणि दोषदायित्व कालावधी (रस्ता खराब झाला तर ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत). रस्ता कुठून कुठपर्यंत, कोणतं आर्थिक वर्ष, हेही नेमकं लिहा.

मोजमाप पुस्तिकेत लांबी, रुंदी, जाडी आणि मोजणाऱ्याची सही असते. टेप घेऊन लांबी-रुंदी तुम्हीच मोजा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा, स्टॅम्प २० रुपयांचा. तिथेही दाद लागली नाही, तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरं अपील करता येतं.

प्रश्न : सोलापूरच्या खासदारांनी बार्शीसाठी किती निधी दिला?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : जिल्हा सोलापूर असला तरी लोकसभेला बार्शी धाराशिव मतदारसंघात येते, तेव्हा हिशोब तिथल्या खासदारांना विचारा. तसंच करमाळा, माढा, सांगोला, माळशिरस हे तालुके माढा मतदारसंघात आहेत. खासदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी मिळतात. खासदारांच्या संसदेतल्या हजेरीचे आणि प्रश्नांचे आकडे वाचताना मंत्र्यांना त्यातून वगळा, मंत्री प्रश्न विचारत नसतात.

प्रश्न : मतदानाच्या आदल्या रात्री दाराखाली निनावी पत्रक सरकवलं जातं. त्याचं काय करायचं?
– एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता आहे का, ते पाहा. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ प्रमाणे ते छापणं सक्तीचं आहे. नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २ हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तसलं पत्रक खरं मानून शेजारी वाचून दाखवू नका. लोकसभा-विधानसभेला केंद्रीय निवडणूक आयोगाच्या ‘सी-व्हिजिल’ ॲपवर तक्रार करता येते. मात्र फोटो ॲपमधूनच काढावा लागतो, गॅलरीतला जुना फोटो चालत नाही. म्हणून पत्रक सापडलं तिथेच, लगेच फोटो काढा आणि मूळ कागद जपून ठेवा.