मोड आलेल्या ज्वारीवर वर्ष घालवावं का?

पत्र: माझी मुलगी नागपुरात एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मोड येणाऱ्या ज्वारीतला अमायलेज (हा एक एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) शुद्ध करून त्याची वेगवेगळी रूपं तपासायची, असा प्रोजेक्ट तिने घेतलाय. ज्वारी भिजवून नोकरी मिळते का? त्यापेक्षा तिने बी.एड. करावं, असं मला वाटतं.
– एक वडील, मानेवाडा

नमस्कार,

तुमची काळजी रास्त आहे. फक्त ज्वारीकडे बघून प्रोजेक्टची किंमत ठरवू नका, एवढी विनंती. १८३३ साली पायाँ आणि पर्सो या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी अमायलेज मिळवला तो मोड आलेल्या बार्लीतूनच. १९२६ मध्ये जेम्स समनर यांनी पहिल्यांदा एका एन्झाइमचे स्फटिक केले, तेही बियांतूनच, आणि त्यासाठी पुढे त्यांना नोबेल मिळालं.

बी रुजताना साठवलेल्या स्टार्चची साखर करायचं काम अमायलेजचं. एकाच दाण्यात त्याची अनेक रूपं असतात. ती वेगळी करायची म्हणजे मोड थंड बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) वाटायचे, सेंट्रिफ्यूज करायचं (वेगाने फिरवून गाळ वेगळा करायचा), अमोनियम सल्फेटने प्रथिनं खाली बसवायची, डायलिसिस करायचं (पातळ पडद्यातून क्षार काढून टाकायचे), मग आयन एक्स्चेंज आणि जेल फिल्ट्रेशनचे कॉलम, म्हणजे विद्युतभारानुसार आणि आकारानुसार प्रथिनं वेगळी करणाऱ्या नळ्या. प्रत्येक पायरीला एन्झाइमची सक्रियता आणि एकूण प्रथिन मोजायचं. शुद्धता वाढत जाते, हाती उरणारा माल घटत जातो. याचा जो तक्ता होतो, तो तिला स्वतः मांडता आणि समजावता आला पाहिजे. कुठे किती गमावलं आणि का, हे सांगू शकणारा उमेदवार मुलाखतीत लगेच ओळखू येतो.

तिच्यासाठी दोन गोष्टी. अल्फा-अमायलेजला कॅल्शियम लागतं, म्हणून सवयीने बफरमध्ये ईडीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन) टाकू नकोस. आणि शुद्धीकरण शक्यतो फेब्रुवारीपर्यंत उरक. अर्क चार अंशांवर ठेवायचा असतो. एप्रिल-मेच्या नागपुरी उन्हात वीज गेली की सगळी मेहनत वाया. पीएच, तापमान, केएम (एन्झाइमची स्टार्चशी किती ओढ आहे, हे दाखवणारा आकडा) काढायचं काम नंतरही होईल.

आता नोकरी. इन्सुलिन किंवा अँटिबॉडीची औषधं बनवणाऱ्या कंपन्यांत डाउनस्ट्रीम प्रोसेसिंग नावाचा, तयार झालेलं औषध शुद्ध करणारा विभाग असतो. तिथे हेच कॉलम असतात, फक्त अवाढव्य. पुणे, हैदराबाद, बेंगळुरूला ही कामं आहेत, ठाण्यात एन्झाइम बनवणारी कंपनीही आहे. नागपुरात मात्र अशा जागा थोड्या. तिला बाहेर पाठवायची तुमची तयारी हवी, हे स्पष्टच सांगतो. शहरातच राहायचं तर नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या प्रोजेक्ट भरतीवर लक्ष ठेवा. त्या जागा ठरावीक मुदतीच्या असतात.

संशोधनाची ओढ असेल तर सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय परीक्षा. त्यातून जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळाली की पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये आणि नियमाप्रमाणे घरभाडं. म्हणजे पीएच.डी.चा भार तुमच्यावर येत नाही.

बी.एड. वाईट नाही. शिकवायची मनापासून आवड असेल तर तिने जरूर करावं. पण पत्रात तिला काय हवंय, याची एक ओळही नाही. आधी तिच्याशी बोला. आणि नेटचा फॉर्म तिला याच वर्षी भरू द्या; शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना बसता येतं.