जानेवारीत तिसरी-चौथीच्या वर्गात कोणते उपक्रम घ्यावेत?
कापसाचा बर्फ चिकटवत बसण्यापेक्षा आवारातल्या आंब्याचा मोहोर घ्या. आमच्या देवगडाकडे या दिवसांत घरोघरी तोच विषय असतो. प्रत्येक गटाने हाताला येईल अशा एका डहाळीला रंगीत दोरा बांधायचा आणि दर सोमवारी वाटाण्याएवढी फळं किती धरली, किती गळली ते वहीत मांडायचं. गणित आणि परिसर अभ्यास दोन्ही होतात. (मोहोरावर तुडतुडा ही कीड दिसली तर मुलंच घरी जाऊन फवारणीची आठवण करतात!) ६ जानेवारीला हस्तलिखित वर्तमानपत्र काढा, १८३२ साली याच तारखेला ‘दर्पण’ सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर आपल्याच पोंभुर्ल्याचे. बातम्या मात्र मुलांनाच आणू द्या: बंदरात कुठली मासळी आली, किनाऱ्यावर कुरव पक्षी दिसले का. संक्रांतीचा तिळगूळ आहेच, त्याला वेगळं नियोजन लागत नाही.