चाळीस हजार वाचवायचे, की बुकिंग रद्द करायची मुभा ठेवायची?

प्रश्न : आम्ही दोघंही सांगलीजवळ शिक्षक आहोत, मुलगी तेरा वर्षांची. दिवाळीच्या सुटीत जपानला जायचा बेत आहे : तोक्यो ५, क्योतो ४ आणि ओसाका २, अशा ११ रात्री. विमानासकट सगळ्यासाठी ५ लाख बाजूला ठेवलेत. तिन्ही शहरांत मिळून घरं १,३२,००० रुपयांत मिळतायत, पण पैसे आत्ताच भरायचे आणि रद्द केलं तर एक रुपया परत नाही. तोक्योचं घर शहराबाहेर फुनाबाशीला आहे. दुसरीकडे साधी हॉटेलं, दोन-दोन खोल्या, नाश्त्यासकट १,७२,००० रुपये. पैसे तिथे गेल्यावर द्यायचे, आदल्या दिवसापर्यंत फुकट रद्द करता येतं. वरच्या ४०,००० साठी मुलीच्या नावाची दरमहा ८,००० ची एसआयपी पाच महिने थांबवू का? वडील ७६ वर्षांचे आहेत, गेल्या वर्षी त्यांची बायपास झाली. ३ लाखांची एफडी अडीअडचणीसाठी आहे, तिला हात लावायचा नाही.

उत्तर : सर, एफडीला हात लावायचा नाही हे तुम्हीच ठरवलंय, त्यामुळे माझं अर्धं काम झालं. एसआयपीही थांबवू नका. आणि ती घरंही घेऊ नका. मग पैसे कुठून येणार, ते पुढे सांगतो. आधी ते ४०,००० खरंच ४०,००० आहेत का ते पाहू.

हिशेबासाठी १०० येनला ६० रुपये धरतोय. फुनाबाशीहून तोक्योत यायला एका माणसाला एका वेळचे साधारण ४०० येन लागतील. जपानी रेल्वेत अर्धं तिकीट प्राथमिक शाळेपर्यंतच, त्यामुळे तुमच्या मुलीचं पूर्ण. तिघांचं जाणं-येणं दिवसाला २,४०० येन, पाच दिवसांचे ७,२०० रुपये. उलट बाजूला, घरात स्वयंपाकघर आहे. चार संध्याकाळी घरी वरण-भात लावलात तर बाहेरच्या जेवणाचे जवळपास तेवढेच पैसे वाचतील. तेव्हा हे दोन्ही आकडे एकमेकांत फिटले असं समजू. नाश्त्याचं मात्र तसं नाही. कोपऱ्यावरच्या कोंबिनीतून, म्हणजे तिथल्या छोट्या किरकोळ दुकानातून, माणशी ५०० येनचा नाश्ता घेतला तरी तिघांचे ११ दिवसांचे १०,००० रुपये होतात. म्हणजे खरा फरक ३०,००० चा आहे. या ३०,००० च्या बदल्यात तुम्ही बेत बदलायचा हक्क सोडून देताय.

समजा तुमच्यासारख्या पाच कुटुंबांनी असा बेत केला आणि त्यातल्या एकाचा फिसकटला. घरं घेतली असती तर पाचही जणांचे पैसे गेले असते : ६,६०,०००. हॉटेलं घेतली तर नाश्ता वजा जाता १,६२,००० प्रमाणे चौघांचेच, म्हणजे ६,४८,०००. पाचांत एकदा जरी जाणं रद्द होण्याची शक्यता असेल, तर स्वस्त पर्याय स्वस्त राहत नाही.

तुमच्या बाबतीत ती शक्यता पाचांत एकीपेक्षा कमी आहे असं मला वाटत नाही. वडिलांचं ऑपरेशन ताजं आहे. व्हिसा यायचाय. दोघांच्या रजा मंजूर झाल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मधेच निवडणूक लागली तर शिक्षकांची ड्यूटी कुणाला चुकली आहे? प्रवास विम्यावर फार विसंबू नका. घरातल्या माणसाच्या गंभीर आजारपणामुळे सहल रद्द झाली तर भरपाई देणाऱ्या पॉलिसी आहेत, पण आधीपासूनचा आजार आणि रजा न मिळणं ही कारणं बहुतेक वेळा वगळलेली असतात. घेण्याआधी वगळलेल्या कारणांचं पान वाचा.

घरांबद्दल आणखी एक. जपानमध्ये राहत्या घरात पाहुणे ठेवण्याचा, म्हणजे 'मिन्पाकु'चा, कायदा १५ जून २०१८ पासून लागू आहे. या कायद्याखाली वर्षातून १८० दिवसच घर भाड्याने देता येतं आणि नोंदणी क्रमांक जाहिरातीत द्यावा लागतो. कायदा आला तेव्हा एअरबीएनबी या घरं भाड्याने मिळवून देणाऱ्या वेबसाइटने जपानमधली बहुतेक घरं यादीतून काढली आणि नोंदणी नसलेल्या घरांची आधी झालेली बुकिंगंही रद्द झाली. क्योतोत तर निव्वळ निवासी भागातलं मिन्पाकु फक्त १५ जानेवारी ते १६ मार्च या काळात चालतं. तुम्ही जाणार नोव्हेंबरात. क्योतोचं घर कुठल्या परवान्यावर चाललंय हे कळेपर्यंत त्यात पैसे अडकवू नयेत. लॉजचा वेगळा परवाना असलेली घरं वर्षभर चालतात, ती ठीक आहेत.

आता पैसे. दोन रात्री कमी करा. हॉटेलचा दर रात्रीला १५,६०० च्या आसपास पडतो, म्हणजे ९ रात्रींचे १,४१,०००. घरांपेक्षा ९,००० जास्त. पण दोन दिवसांचं जेवणखाण आणि फिरणं वाचतं, ते त्याहून जास्तच होईल. एसआयपी चालू राहते आणि रद्द करायची मुभाही हातात राहते. एवढ्या लांब जाऊन दोन दिवस कमी, हे मॅडमना पटणार नाही याची मला कल्पना आहे. तरी अकरा दिवसांत तीन शहरांत सामान ओढण्यापेक्षा नऊ दिवसांत दोन मुक्काम बरे, असं माझं मत आहे.

दोन मुक्काम म्हणजे तोक्यो ४ आणि ओसाका ५. क्योतो ओसाकाहून करायचं. जेआरच्या, म्हणजे जपान रेल्वेच्या, जलद लोकलने अर्धा तास लागतो, तिकीट ६०० येनच्या आतबाहेर. तिघांचं जाणं-येणं ३,५०० येन. त्यामुळे कसोटी सोपी आहे : तुम्हाला पटलेल्या क्योतोच्या खोल्या ओसाकापेक्षा रात्रीला ३,५०० येनहून महाग असतील, तर ओसाकातच राहा. नोव्हेंबरात, पानं लाल व्हायला लागली की क्योतोचे दर चढतात, शनिवारी तर फारच. शिवाय क्योतोने १ मार्च २०२६ पासून मुक्काम कर वाढवलाय. माणशी रात्रीचा दर ६,००० ते २०,००० येनच्या दरम्यान असेल तर माणशी ४०० येन. तुम्ही याच गटात बसता. चार रात्रींचे तिघांचे ४,८०० येन, म्हणजे जवळजवळ २,९०० रुपये, आणि हा कर बरेचदा बुकिंगच्या रकमेत नसतो, काउंटरवर मागतात. ओसाकातही कर आहे, पण कमी. क्योतोत एक रात्र हवीच असेल तर शनिवार टाळा, किंवा गाडीने दहा मिनिटांवरच्या ओत्सूला दर विचारा.

ओसाकात शिन-इमामिया स्टेशनाच्या आसपास दर बरेच खाली असतात आणि कान्साई विमानतळाला थेट गाडी आहे. पूर्वी ही रोजंदारी मजुरांची वस्ती होती, अजूनही काही गल्ल्या तशाच आहेत. मुलगी बरोबर असल्याने मी स्टेशनाला लागून असलेलं हॉटेल घेईन, आत गल्लीत नको. तोक्योत उएनो-आसाकुसा भाग बघा. किंवा निशी-कासाई. तिथे भारतीय आयटीवाल्यांची मोठी वसाहत आहे, किराणा मिळतो, शाकाहारी जेवण मिळतं. २०१९ मध्ये तोक्योतल्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आलेले योगेंद्र पुराणिक याच भागातले. मेट्रोच्या तोझाई लाइनने शहराच्या मध्यात वीसेक मिनिटांत पोहोचता.

खोल्या लहान असतात, हे मनाची तयारी म्हणून सांगतो. बिझनेस हॉटेलातली एकाची खोली १२ चौरस मीटरच्या आसपास, १३० चौरस फूट. लहान मुलांना आईवडिलांच्या पलंगावर फुकट झोपू देणारी हॉटेलं बरीच आहेत, पण तुमच्या मुलीचं वय त्यातून गेलंय. तिघांसाठी एक खोली हवी असेल तर चटयांची जपानी पद्धतीची खोली शोधा, जमिनीवर गाद्या घालतात, तिघं आरामात मावतात. तोयोको इनसारख्या साखळीत नाश्ता दरातच धरलेला असतो. तुलना करताना तो धरा.

कॅप्सूल हॉटेलची, म्हणजे खोलीऐवजी एकाला झोपण्यापुरता कप्पा देणाऱ्या हॉटेलची, हौस मुलीला असेल, असं गृहीत धरतो. पहिलं कॅप्सूल हॉटेल १९७९ मध्ये ओसाकातच निघालं, वास्तुरचनाकार किशो कुरोकावा यांचं. पण बहुतेक ठिकाणी स्त्री-पुरुषांचे मजले वेगळे असतात, कॅप्सूलला कुलूप नसतं आणि मोठ्या बॅगा आत मावत नाहीत. तिघांचे तीन दर लावले तर दोन खोल्यांपेक्षा काही स्वस्तही पडत नाही.

रेल्वे पास घेऊन लांब राहायचा सल्ला कुणी देईल. सात दिवसांचा जेआर पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० वरून ५०,००० येन झाला. तोक्यो-क्योतो शिन्कान्सेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, एकेरी तिकीट १४,००० येनच्या आसपास आहे. विमान जाताना तोक्योला आणि परतताना ओसाकाहून घेतलंत तर ते एकेरीच लागेल. पास नको.

पैसे तिथे देणार असल्यामुळे येन महागण्याची जोखीम तुमच्यावर राहते, हे खरं. येन ५ टक्क्यांनी चढला तरी १,४१,००० वर ७,००० वाढतील. तेवढे बाजूला धरा. त्यापेक्षा कार्डाकडे लक्ष द्या. साध्या क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचं शुल्क साडेतीन टक्क्यांपर्यंत, वर त्यावर जीएसटी. हे शुल्क न लावणारं कार्ड आत्ताच काढून घ्या. आणि तिथल्या मशिनवर 'रुपये की येन' असं विचारलं तर येनच निवडा.

रद्द करता येणाऱ्या खोल्या या आठवड्यातच घेऊन ठेवा. व्हिसाच्या अर्जात मुक्कामाचा तपशील द्यावा लागतो, तिथेही त्या चालतात. विमानाचं तिकीट मात्र दोघांच्या रजेवर मुख्याध्यापकांची सही झाल्यावर.