प्रश्न तुमचे, उत्तरं जाणकारांची : जुना सर्व्हर बदलताना

या वेळी इंदूरहून आलेल्या तीन पत्रांचा विषय एकच निघाला, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे, पण तो प्रश्न बऱ्याच दुकानांचा आहे.

प्रश्न : सियागंजात आमचं पाइप-फिटिंगचं ठोक दुकान आहे. बारा कॉम्प्युटर आहेत. २०११ साली घेतलेल्या सर्व्हरवर विंडोज सर्व्हर २००८ आर-टू आहे. टॅली ईआरपी ९, सामायिक फोल्डर आणि सगळ्यांचं लॉगिन त्याच्यावरच चालतं. पंधरा दिवसांपासून एका हार्ड डिस्कवर पिवळा दिवा लागतोय. नवा सर्व्हर घ्यायचं ठरलंय. बसवून देणारे म्हणतात, एका रविवारात सगळं होईल. खरंच होतं का? क्रम काय ठेवावा? — एक व्यापारी, सियागंज

उत्तर : नव्या सर्व्हरचं नंतर बघू, आधी त्या पिवळ्या दिव्याचं. एकच माहिती दोन्हीवर लिहिणारी दोन डिस्कची जोडी, म्हणजे रेड १, असेल तर एक डिस्क गेली आहे असं धरा आणि सगळा धंदा आता दुसरीवर उभा आहे. ती दुसरीही तेवढीच जुनी. अशा वेळी बहुतेक जण बिघडलेली डिस्क काढून लगेच नवी घालतात. घालताच रिबिल्ड, म्हणजे नव्या डिस्कवर सगळी माहिती उतरवणं, सुरू होतं, जुनी डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटपर्यंत वाचली जाते आणि त्याच ताणात ती बंद पडू शकते. म्हणून आजच संध्याकाळी सगळ्यांना टॅलीतून बाहेर काढा आणि पूर्ण डेटा यूएसबी डिस्कवर घ्या. जुन्या सर्व्हरवर यूएसबी २ च असणार, म्हणजे सेकंदाला जेमतेम ३० एमबी. ३०० जीबी असतील तर तीन तास धरा. कॉपी झाली की ती दुसऱ्या एखाद्या पीसीवर लावून चार-सहा फायली आणि टॅलीची एक कंपनी उघडून बघा. न उघडलेल्या बॅकअपला आम्ही बॅकअप म्हणत नाही.

आता रविवारचं. रविवारी होतं ते शेवटचं पाऊल. त्याआधी निदान दोन आठवड्यांचं काम आहे आणि त्यातलं सगळ्यात मोठं म्हणजे जुन्या सर्व्हरवर नक्की काय काय चालतं ते शोधणं. ते कुणालाच पूर्ण माहीत नसतं, कारण इतक्या वर्षांत ज्याला जे हवं ते त्याने त्याच्यावर जोडलेलं असतं. कमांड विंडोत 'नेट शेअर' लिहून सगळ्या सामायिक फोल्डरांची यादी काढा. टास्क शेड्यूलर उघडून रात्री आपोआप काय चालतं ते बघा. आयपी पत्ते सर्व्हर वाटतो की राउटर, तेही तपासा. मग दुकानात फिरा. हजेरीचं मशीन, स्कॅन करून फोल्डरात टाकणारा कॉपियर, बारकोडचा प्रिंटर, कॅमेऱ्याचा डीव्हीआर : प्रत्येकाच्या सेटिंगमध्ये जाऊन सर्व्हरचा आयपी पत्ता टाकलेला आहे का ते पाहा आणि वहीत लिहा. एक्सेलच्या जुन्या रेट-लिस्टही उघडा. दुसऱ्या फायलीशी जोडलेल्या लिंकमध्ये जुन्या सर्व्हरचं नाव वाटेसकट लिहिलेलं असतं. नाव बदललं की तिथे लिंक सापडत नसल्याच्या सूचना यायला लागतात.

२००८ आर-टूचा मायक्रोसॉफ्टचा विस्तारित आधार १४ जानेवारी २०२० ला संपला. तिथून थेट विंडोज सर्व्हर २०२२ वर अपग्रेड करायची सोयच नाही. नवं मशीन शेजारी उभं करून माल हलवायचा, हाच मार्ग, आणि तो सुरक्षितही आहे, कारण जुनं तसंच शाबूत राहतं. बारा जणांना टॉवर सर्व्हर, ३२ जीबी ईसीसी (स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी) मेमरी आणि रेड १ मध्ये सर्व्हर दर्जाच्या दोन ९६० जीबी एसएसडी पुरतात. सोबत ऑनलाइन यूपीएस घ्या आणि त्याची यूएसबी केबल सर्व्हरला लावा, म्हणजे बॅटरी संपत आली की सर्व्हर स्वतःच नीट बंद होईल. ती केबल खोक्यातच राहिलेली आम्ही फार ठिकाणी पाहतो.

आवृत्ती निवडताना एक मोठी अडचण येते. नवा सर्व्हर बहुधा विंडोज सर्व्हर २०२५ सह विकला जाईल. पण २०२५ ला जुन्या डोमेनमध्ये (सगळ्यांच्या लॉगिनची एकत्र व्यवस्था) डोमेन कंट्रोलर, म्हणजे ती व्यवस्था सांभाळणारा सर्व्हर, म्हणून घ्यायचं तर डोमेनची पातळी निदान २०१६ ची लागते, आणि २००८ आर-टूचा कंट्रोलर चालू असेतो ती तिथवर चढवता येत नाही. २०२२ ला मात्र २००८ ची पातळी चालते. तेव्हा ऑर्डर देण्याआधीच विचारा : याच लायसन्सवर २०२२ बसवता येईल का? स्टँडर्ड आवृत्तीला प्रत्येक वापरणाऱ्याचं किंवा प्रत्येक उपकरणाचं कॅल (सर्व्हर वापरण्याचा परवाना) वेगळं घ्यावं लागतं, कोटेशनमध्ये ते आहे का पाहा. इसेन्शियल्सला २५ जणांपर्यंत कॅल लागत नाही.

दुसरी अडचण डोमेनच्या पोटात असते. २००८ आर-टूवर बनवलेली कित्येक डोमेनं २००३ च्या पातळीवरच राहिलेली असतात आणि त्यांचं सिसव्हॉल फोल्डर (यात लॉगिनचे नियम असतात) कंट्रोलरांमध्ये फायलींची नक्कल ठेवणाऱ्या जुन्या एफआरएस पद्धतीने चालतं. २०१९ पासूनचे सर्व्हर एफआरएस असलेल्या डोमेनमध्ये कंट्रोलर होतच नाहीत. ऐन रविवारी दुपारी हे कळलं तर सगळा दिवस जातो. म्हणून आधीच्या आठवड्यात सिस्टिम स्टेटचा (विंडोज आणि डोमेनच्या सेटिंगचा) बॅकअप घ्या, पातळी २००८ आर-टूला न्या आणि 'डीएफएसआरमिग' कमांडने १, २, ३ अशा टप्प्यांनी सिसव्हॉल बदलून घ्या. प्रत्येक टप्पा पूर्ण झाल्याचा संदेश आल्याशिवाय पुढचा देऊ नका. दुसऱ्या टप्प्यापर्यंत मागे येता येतं, तिसऱ्यानंतर नाही. मग नवा सर्व्हर डोमेनमध्ये घ्या, त्याला कंट्रोलर आणि डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) करा, डोमेनच्या पाचही खास जबाबदाऱ्या (एफएसएमओ भूमिका) त्याच्याकडे द्या ('नेटडॉम क्वेरी एफएसएमओ'ने खात्री करा) आणि दोन-तीन दिवस दोघांना बरोबर चालू द्या. प्रत्येक पीसीचा डीएनएस पत्ता नव्याकडे वळवायला विसरलात, तर जुना बंद केल्यावर सोमवारी सकाळी लॉगिनला दहा-दहा मिनिटं लागतील.

फायलींसाठी विंडोजमधली रोबोकॉपी ही कॉपी करायची कमांड वापरा, माउसने ओढून नेऊ नका. फाइल उघडी सापडली तर रोबोकॉपी डीफॉल्टने दहा लाख वेळा आणि दर वेळी ३० सेकंद थांबून प्रयत्न करत बसते. एका उघड्या एक्सेलपायी रात्रभर काम अडतं. पुनःप्रयत्न १ आणि थांबा ५ सेकंद असं द्या, लॉग फाइल करा. मिरर पर्याय जपून वापरा : उगम आणि गंतव्य उलटं लिहिलं गेलं, तर रिकाम्या नव्या डिस्कची हुबेहूब नक्कल म्हणून जुनी डिस्क साफ होते. पहिली फेरी आठवड्यात करून ठेवा, शनिवारी रात्री फक्त बदललेलं जाईल. मध्ये १०० एमबीपीएसचा जुना स्विच असेल तर ३०० जीबीला साडेसात तास लागतात, गिगाबिट स्विचवर मोठ्या फायली तासाभरात जातात. शेवटी लॉगमधल्या 'फेल्ड'च्या रकान्यात शून्य दिसलं पाहिजे. फाइल-परवानग्या रोबोकॉपीत मागितल्या तर येतात, शेअरच्या परवानग्या मात्र येत नाहीत. त्या नव्याने द्याव्या लागतात.

टॅली सगळ्यात शेवटी आणि सगळे बाहेर असतानाच. उघड्या कंपनीची कॉपी अर्धवट निघते आणि ते कधीकधी महिनाअखेरीलाच कळतं. लायसन्स जुन्या मशीनवरून आधी सरेंडर करा, मग नव्यावर चालू करा. त्यासाठी टॅलीचा नोंदणीकृत ईमेल आणि पासवर्ड हाताशी हवा. तो नोकरी सोडून गेलेल्या मुनीमजींच्या नावावर असेल तर आधीच बदलून घ्या. बाकीच्या पीसींना लायसन्स सर्व्हरचा नवा पत्ता द्या आणि फायरवॉलमध्ये ९९९९ हा पोर्ट मोकळा करा. नाहीतर टॅली 'एज्युकेशनल', म्हणजे लायसन्स नसलेल्या, मोडमध्ये उघडते. टॅलीप्राइमवर (ईआरपी ९ नंतरची टॅली) जायचं असेल तर त्याच रविवारी जाऊ नका. प्राइम ३.० पासून डेटा मायग्रेट होतो आणि मायग्रेट झालेला डेटा ईआरपी ९ मध्ये परत उघडत नाही. तीन आठवड्यांनी, वेगळी प्रत राखून, करा.

खात्री करायची ती अशी : जुन्या सर्व्हरवर प्रत्येक कंपनीची ट्रायल बॅलन्स, स्टॉक समरीची शेवटची बेरीज आणि शेवटच्या विक्री-बिलाचा नंबर छापून ठेवा. नव्यावर तेच तीन आकडे काढून कागदाशी ताडा. पैशाचाही फरक चालणार नाही.

दिवस कोणता? जीएसटीआर-१ ची ११ तारीख आणि ३बी ची २० तारीख टाळा, २० नंतरचा रविवार घ्या. मार्चअखेर आणि दिवाळीचा हंगाम तर नकोच. त्याच रात्री जुन्या सर्व्हरवरचे सगळे शेअर काढून टाका. नाहीतर कुणीतरी डेस्कटॉपवरच्या जुन्या शॉर्टकटने आत जातो आणि सोमवारची निम्मी कोटेशनं जुन्या डिस्कवर सेव्ह होतात. जुना कंट्रोलर 'डीसीप्रोमो'ने रीतसर पायउतार करा आणि मशीन महिनाभर बंद अवस्थेत ठेवा. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात, त्यामुळे जुन्या वर्षांच्या कंपन्याही हलवा. भंगारात देण्याआधी डिस्क काढून घ्या. क्विक फॉरमॅटने डेटा पुसला जात नाही, पूर्ण ओव्हरराइट करा किंवा ड्रिलने भोकं पाडा.

प्रश्न : ऑफिसात सर्व्हर बदलला आणि दहा वर्षांच्या कॉपियरवरून फोल्डरमध्ये होणारं स्कॅन बंद झालं. इंजिनिअर म्हणतो, नव्या सर्व्हरवर एक जुनी सेवा चालू केली की होईल. करू द्यावी का? — एक सी.ए., ओल्ड पलासिया

उत्तर : नाही. ती जुनी सेवा म्हणजे एसएमबी १, फायली सामायिक करण्याची जुनी पद्धत. २०१९ पासूनच्या सर्व्हरवर ती मुळात बसवलेलीच नसते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो तिच्यातल्याच खिंडारातून. एका कॉपियरसाठी सगळ्या अशिलांचे कागद तिच्या भरवशावर ठेवू नका. आधी कॉपियरचं नवं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) मिळतं का विचारा, काही मॉडेल त्याने एसएमबी २ शिकतात. नाही मिळालं तर स्कॅन ईमेलवर घ्या, किंवा कॉपियरमध्ये एफटीपीचा (फायली पाठवण्याची एक पद्धत) पर्याय असतो तो वापरून एका साध्या पीसीवर उतरवा आणि तिथून नव्या सर्व्हरवर सरकवा. एफटीपी फक्त आतल्या जाळ्यात ठेवा, राउटरवरून बाहेर उघडू नका.

प्रश्न : रामबागेत आमची छपाईची जागा आहे. वीस वर्षांच्या मराठी लग्नपत्रिका आणि स्मरणिका पेजमेकरमध्ये जुन्या सर्व्हरवर आहेत. नव्या मशीनवर फायली उघडतात, पण मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गुंता दिसतो. डेटा खराब झाला का? — एक मुद्रक, रामबाग

उत्तर : डेटा ठणठणीत आहे, टंक राहिले आहेत. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव या जुन्या टंकांत मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं असतं. टंक नसला की मूळ इंग्रजी अक्षर उघडं पडतं. जुन्या सर्व्हरवरचंच नव्हे, तर जिथे डीटीपी होत होतं त्या प्रत्येक पीसीवरचं विंडोजमधलं फॉन्ट्स फोल्डर जसंच्या तसं कॉपी करा. एकाच नावाच्या टंकाच्या वेगळ्या आवृत्त्यांत अक्षरांच्या जागा वेगळ्या असू शकतात, म्हणून त्या आपसात मिसळू नका.

टंकांच्या सॉफ्टवेअरचं कुलूप (डोंगल) समांतर (पॅरलल) पोर्टवर लागणारं असेल, तर नव्या मशीनला तो पोर्टच नसतो. विक्रेत्याकडे यूएसबी कुलूप मिळतं का पाहा. तोवर एक जुना पीसी इंटरनेटपासून पूर्ण तोडून, फक्त ह्या कामाला राखा. त्याच्यावर प्रत्येक जुनी फाइल उघडून टंक आत बांधलेली पीडीएफ काढा. पुन्हा छापायचं काम एवढ्यानेच बहुतेक भागतं.

ज्या मजकुरात दर वर्षी बदल होतो, तेवढाच युनिकोडमध्ये बदला. रूपांतरानंतर रफार, पोटफोड्या ष आणि अर्ध्या र वर बारीक नजर ठेवा. 'आचाऱ्याला' म्हणजे स्वयंपाक्याला आणि 'आचार्याला' म्हणजे गुरुजींना. रूपांतर करणारी साधनं हे दोन र सर्रास एक करून टाकतात. पत्रिकेतली आडनावं तर मूळ छापील प्रतीशी अक्षरन् अक्षर ताडून पाहा.