आयरिश पारंपरिक संगीत शिकण्यासाठी स्वरलिपी वाचता यावीच लागते का?

नाही, आयर्लंडचे पारंपरिक केल्टिक संगीत शिकण्यासाठी स्वरलिपी वाचता येणे अनिवार्य नाही, कारण ही विद्या प्रामुख्याने ऐकून शिकण्याची आहे आणि मैफली गाजवणारे वादकच अनेकदा ती शिकवतात. क्लेअर काउंटीतील मिल्टाउन मॅल्बे या गावी, कोपराखालच्या भात्याने हवा भरून वाजवायच्या इलन पाइप्स या वाद्याचे थोर वादक विली क्लॅन्सी यांच्या स्मरणार्थ १९७३ पासून जुलैमध्ये उन्हाळी शिबिर भरते. तेथील फिडल (व्हायोलिन), टिन व्हिसल (धातूची छोटी बासरी), कॉन्सर्टिना (हातात धरून वाजवायची भात्याची छोटी पेटी) इत्यादींच्या सकाळच्या वर्गांत शिक्षक धून लहान लहान तुकड्यांत वाजवून दाखवतात आणि विद्यार्थी ती ऐकून वाजवतात. असे करण्याचे कारण असे की, कागदावर धुनेचा केवळ सांगाडा उतरतो. ‘रोल’ आणि ‘कट’ यांसारखे, मूळ स्वराला झटकन जोडलेल्या स्वरांचे अलंकार, तसेच रील किंवा जिग या नृत्यधुनेच्या लयीतला सूक्ष्म हेलकावा, जो माझ्या मते या संगीताचा प्राणच आहे, तो जाणत्या वादकासमोर बसल्यावरच कळतो. मात्र स्वरलिपी निरुपयोगी आहे असे समजू नये. हार्प या तंतुवाद्याच्या जुन्या वादकांची परंपरा खंडित होत असताना, १७९२ मध्ये बेलफास्टच्या संमेलनात एडवर्ड बंटिंग यांनी त्यांच्या धुना लिहून घेतल्या, म्हणूनच त्यांतील बऱ्याच आज वाजवता येतात.